सूत्र कोणाच्या तोंडी?

धर्मग्रंथांविषयी आपल्याकडे दोन तऱ्हेने बोलले जाते आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांना अडाणी समजतात. पहिल्या पक्षाच्या मते सूत्रग्रंथांत सगळे ज्ञान ठासून भरलेले आहे. योगसूत्रातली एक ओळ घ्यावी, तिच्यामागे उगवत्या सूर्याचे चित्र लावावे आणि सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर सोडून द्यावी. दुसऱ्या पक्षाच्या मते सूत्रे म्हणजे अर्थ न कळता केलेली घोकंपट्टी. पाठांतर सोडा, भाषांतर वाचा, पटेल ते घ्या आणि मोकळे व्हा. वरवर पाहता दोघांत छत्तीसचा आकडा. तरी एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे. सूत्र हा एक मजकूर आहे, त्याच्या पोटात अर्थ दडलेला आहे आणि एकट्या वाचकाने तो काढून घ्यायचा आहे, असे दोघेही धरून चालतात. ही समजूतच मला उथळ वाटते.

माझे म्हणणे असे. हिंदू सूत्रग्रंथ घ्या की बौद्ध सुत्ते, ती एकट्या वाचकासाठी रचलेलीच नव्हती. ठरलेला पाठ, तो तोंडी सांभाळणारी मंडळी आणि त्याचा अर्थ लावणारी परंपरा अशी ती तिहेरी व्यवस्था होती. पाठ हलू द्यायचा नाही आणि अर्थावरचा वाद थांबू द्यायचा नाही, हे तिचे काम. म्हणून सूत्र काय सांगते एवढे विचारून भागत नाही. ते कोणाच्या तोंडी होते, चुकले तर दुरुस्त कोण करी आणि उंबऱ्याबाहेर कोणाला उभे केले होते, हेही विचारावे लागते.

१. एकट्याने न वाचता येणारा ग्रंथ

पाणिनीच्या अष्टाध्यायीत चार हजारांच्या आसपास सूत्रे आहेत. ती धर्मोपदेशासाठी नाहीत, पण सूत्र या रचनेचा हाडांचा सापळा पाहायचा तर इथेच पाहावा. सहाव्या अध्यायात स्वरसंधीचे एक सूत्र आहे (६.१.७७). ‘इति’पुढे ‘आदि’ आले की ‘इत्यादि’ होते, ते या सूत्रामुळे. पुढे स्वर आला तरच हा बदल होतो, अशी अट त्यात घातलेली आहे. लगेच पुढचे सूत्र (६.१.७८) ‘ने’ आणि ‘अन’ मिळून ‘नयन’ कसे होते ते सांगते. त्यालाही तीच अट लागू आहे, पण ती तिथे लिहिलेलीच नाही. मागच्या सूत्रातून ती खाली उतरते. या उतरण्याला अनुवृत्ती म्हणतात. म्हणजे एखादे सूत्र सुटे काढून वाचले तर ते अर्धवट राहते. मागचे पाठ असल्याशिवाय पुढच्याला अर्थ नाही आणि कोणते पद कुठवर उतरते हे गुरू सांगेल तेव्हाच कळणार.

ग्रंथाचे शेवटचे सूत्र (८.४.६८) तर केवळ एका ऱ्हस्व स्वराचा दोनदा उच्चार आहे. क्रियापद नाही, विभक्ती दिसत नाही. त्यामागची हकीकत अशी की ‘अ’ आणि ‘आ’ यांना एका जातीचे स्वर म्हणून हाताळता यावे यासाठी पाणिनीने ग्रंथभर ‘अ’ हा ‘आ’सारखाच तोंड उघडून म्हणायचा स्वर मानला. बोलताना आपण तो तसा म्हणत नाही. शास्त्राचे काम संपले तेव्हा अखेरच्या सूत्रात त्याने तो स्वर लोकांच्या तोंडी असतो तसा परत करून टाकला. हे कळल्यावर थक्क व्हायला होते. पण ज्याने नुसते पुस्तक उघडले त्याला हे जन्मात कळणार नाही.

या परंपरेतला आणखी एक संकेत जुने तेच खरे मानणाऱ्यांच्या पचनी पडणारा नाही. पाणिनीवर कात्यायनाने वार्तिके लिहिली, त्यांत सूत्रांच्या उणिवा दाखवल्या. नंतर पतंजलीने महाभाष्यात दोघांची झाडाझडती घेतली. तिघांत मतभेद पडला तर कोणाचे मानायचे? वैयाकरणांचे उत्तर आहे, नंतरच्याचे. ज्याचा ग्रंथ पवित्र त्याच्यापेक्षा त्याला तपासणाऱ्याचा शब्द वरचढ. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी महाभाष्य मराठीत आणले आहे. त्यातली कोणतीही दहा पाने वाचली तरी शंका, तिचे उत्तर, त्या उत्तरावर नवी शंका हा ओघ आपल्याला ओढून नेतो.

२. आखूड सूत्र आणि लांबलचक सुत्त

इथे कोणी म्हणेल, बौद्ध सुत्तांचा यात काय संबंध? ती तर पानेच्या पाने लांब असतात. दीघनिकायात ३४ सुत्ते आहेत, मज्झिमनिकायात १५२ आणि त्यांतली पुनरुक्ती आजच्या वाचकाचा अंत पाहते. तोच परिच्छेद पृथ्वीविषयी, मग पाण्याविषयी, मग तेजाविषयी, मग वायूविषयी. पाली हस्तलिखिते लिहिणारेही याला कंटाळले असावेत, कारण पुनरुक्तीच्या जागी ते नुसते ‘पे’ लिहून पुढे जातात.

पण कागदावर जी पुनरुक्ती ती तोंडी परंपरेत कुंपण असते. अनेक भिक्खू एका सुरात म्हणत असताना कोणी एक शब्द पदरचा घातला तर तो तिथल्या तिथे उघडा पडतो. ठरावीक वाक्यखंड आणि समानार्थी शब्दांची वाढत्या अक्षरसंख्येने लावलेली रांग यांमुळे जीभ चुकायला जागा कमी राहते. लिहून न ठेवता मजकूर पिढ्यान्‌पिढ्या टिकवायचा कसा, ही अडचण पाणिनीपुढेही होती आणि संघापुढेही. एकाने एक अक्षर काढता येणार नाही इतके आखूड केले, दुसऱ्याने एक अक्षर घुसवता येणार नाही इतके घोटून घेतले. उत्तरे उलट दिशेची, अडचण एकच.

हे काम करणाऱ्यांना भाणक म्हणत. कोणाकडे दीघनिकाय, कोणाकडे मज्झिम, अशी वाटणी होती. सांची-भारहुतच्या दानलेखांत सुत्ते जाणणारा, पाच निकाय जाणणारा अशी बिरुदे लावलेले दाते भेटतात. आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका स्तंभावर दान देणाऱ्याचे नाव आहे सातिमित. तो सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा, धम्मुत्तरिय पंथाचा भाणक. घाट चढून लेण्यापर्यंत आलेल्या या माणसाची ओळख लेखात लिहिली गेली ती त्याच्या या कामाने. सिंहली परंपरेनुसार त्रिपिटक लेखी उतरले ते इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, श्रीलंकेत. बुद्धाचे शब्द त्याआधीच्या काही शतकांत कुठे होते, याचे उत्तर अशा माणसांच्या कंठात आहे.

विनयातला पातिमोक्ख पाहिला की हिंदू सूत्र आणि बौद्ध सुत्त यांतले अंतर आणखी कमी होते. थेरवादी परंपरेत भिक्खूंसाठी २२७ नियम आहेत, महिन्यातून दोनदा उपोसथाच्या दिवशी ते म्हटले जातात. चारपेक्षा कमी भिक्खू असतील तर पातिमोक्खाचे पठण होत नाही. नियमांचा एक गट म्हणून झाला की म्हणणारा जमलेल्यांना विचारतो, या बाबतीत तुम्ही शुद्ध आहात ना? दुसऱ्यांदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारतो. कोणी बोलले नाही तर सगळे शुद्ध आहेत असे धरून पुढे जातो. हे ग्रंथवाचन नव्हे, दर पंधरवड्याला होणारी संघाची तपासणी आहे. आणि या त्रोटक नियमांभोवती सुत्तविभंग उभा आहे. नियम का झाला याची कथा, एकेका शब्दाची फोड, कुठे सूट, कुठे दोष. सूत्राभोवती भाष्य उभे राहते, अगदी तसाच.

३. प्रमाण मानले म्हणजे वाद संपला काय?

ग्रंथप्रामाण्य या शब्दाला आपल्या प्रबोधनपरंपरेत वाईट वास आहे आणि तो उगाच आलेला नाही. पण प्रामाण्य म्हणजे विचाराला कुलूप, हे समीकरण घाईचे आहे.

ब्रह्मसूत्रे साडेपाचशेच्या आसपास. किती, यावरही भाष्यकारांचे एकमत नाही. शंकराचार्यांनी त्यांतून अद्वैत काढले, रामानुजांनी विशिष्टाद्वैत, मध्वांनी द्वैत. वल्लभ आणि निंबार्क यांच्या वाटा आणखी वेगळ्या. जीव आणि ब्रह्म एकच, असे एकाला दिसते. दोघांत कधीच न मिटणारा भेद आहे, असे दुसऱ्याला. यावर आजचा चतुर वाचक म्हणतो, ज्यातून काहीही निघते त्यात काहीच नसते.

हे बोलणे टाळ्या घेणारे आहे, पण चुकीचे आहे. भाष्यकाराला काहीही काढता येत नाही. त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक सूत्राचा, आहे त्याच क्रमाने, हिशेब द्यावा लागतो. गैरसोयीचे सूत्र गाळण्याची मुभा नाही. शिवाय मीमांसकांनी वादाची शिस्त घालून दिलेली आहे. विषय मांडा, संशय सांगा, पूर्वपक्ष उभा करा, मग त्याला उत्तर द्या. पूर्वपक्ष लेचापेचा असेल तर सिद्धान्तालाही किंमत नाही. पुढचा भाष्यकार नेमका तिथेच मागच्याला पकडतो. एखाद्या मताचा मूळ ग्रंथ हरवावा आणि विरोधकाने मांडलेल्या पूर्वपक्षातून ते आपल्याला कळावे, असेही घडलेले आहे. आजच्या आपल्या वादांत विरोधकाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडणारे किती सापडतील?

बौद्धांकडे कसोटी वेगळी, पण पीळ तोच. महापरिनिब्बान सुत्तात चार महापदेस सांगितले आहेत. एखादा भिक्खू म्हणाला की हे मी खुद्द भगवंतांच्या तोंडून ऐकले, अमक्या संघाकडून ऐकले, जाणत्या थेरांकडून ऐकले, एका थेराकडून ऐकले, तरी ते लगेच स्वीकारायचे नाही आणि लगेच झिडकारायचेही नाही. सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहायचे. बसले तर ठेवायचे, नाही तर त्याने नीट ऐकले नाही असे समजून सोडून द्यायचे. सांगणाऱ्याचा मोठेपणा हा पुरावा नाही, हे इथे स्पष्ट आहे. बुद्धाच्या नावावर रोज फिरणाऱ्या सुविचारांना ही चाळणी लावली तर सकाळ फार शांत जाईल. शिवाय काही सुत्तांचा अर्थ उघड असतो आणि काहींचा शोधून काढावा लागतो, हा भेद निकायांतच केलेला आहे. महायानी आचार्यांनी पुढे त्याच भेदाचा आधार घेऊन एकमेकांच्या आवडत्या सूत्रांना दुय्यम ठरवले.

४. मराठीतला सूत्रपाठ

ही व्यवस्था संस्कृत-पालीची मिरास नाही. तेराव्या शतकात ती मराठीत उभी राहिली. महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी हिंडून गोळा केल्या, त्यातून लीळाचरित्र झाले. केसोबासांनी चक्रधरांची वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला. विचार, आचार अशी त्याची प्रकरणे आहेत. वचन कोणाला उद्देशून आणि कोणत्या प्रसंगी निघाले हे कळल्याशिवाय ते अधांतरी राहते, म्हणून महानुभावांनी प्रकरणवश हा वेगळा ग्रंथप्रकार केला. सुत्तविभंगाने नियमाला प्रसंग जोडला, तेच इथे झाले. दोघांनी एकमेकांचे पाहून केले असे मी म्हणत नाही. वचन तोडून जपायचे ठरवले की त्याला प्रसंग परत जोडण्याची सोय करावीच लागते.

पुढे याच पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी त्यांची उकल करीपर्यंत, लोकांच्या बोलीत बोललेली ही वचने बाहेरच्या मराठी वाचकाला दिसतही नव्हती. सांभाळणे आणि लपवणे यांतली सीमा किती पुसट असते ते इथे दिसते. त्याकडे मी पुढे येतोच.

५. आक्षेप पहिला: अर्थ न कळता म्हणण्यात काय आहे?

ठीक आहे, भाष्यकार वाद घालत असतील. पण पूजेत किंवा बौद्धांच्या परित्तपाठात बसलेल्या शंभरातल्या नव्वदांना त्यातले काय कळते? महायानात तर सूत्र जवळ ठेवणे, म्हणणे, त्याची नक्कल करणे हेच पुण्य मानले गेले. चीनमध्ये दुनहुआंगच्या गुहेत सापडलेली वज्रच्छेदिकेची छापील गुंडाळी इसवी सन ८६८ ची आहे. तारीख छापलेले जगातले सर्वांत जुने पूर्ण पुस्तक ते हेच. वांग जिए नावाच्या माणसाने ते आईवडिलांच्या नावे फुकट वाटण्यासाठी करवून घेतले, असे त्यावरच छापलेले आहे. काठमांडूच्या खोऱ्यात पाटणच्या क्वा बहाल विहारात प्रज्ञापारमितेची सोन्याच्या अक्षरांतली पोथी आजही पुजली आणि वाचली जाते. उच्चाराने संकट टळते, पोथी घरात असली की भरभराट होते, या दाव्यांवर माझा काडीचाही विश्वास नाही.

पण भाविकांची ही नक्कल वाया गेली का? एकोणिसाव्या शतकात ब्रायन हॉजसनने नेपाळातून हस्तलिखिते पाठवली ती अशाच पुण्यार्थ उतरवलेल्या पोथ्यांतून आलेली होती. त्यांच्या आधारे पॅरिसमध्ये यूजीन बर्नूफने सद्धर्मपुंडरीकाचे फ्रेंच भाषांतर केले, ते १८५२ मध्ये प्रसिद्ध झाले. युरोपातला बौद्ध अभ्यास त्यावर उभा राहिला. उतरवणाऱ्या हातांना अर्थ पुरता कळला असेल असे नाही, पण ते हात थांबले असते तर पॅरिसच्या पंडिताला वाचायला काही उरले नसते. आकलन हे एकाच माणसाच्या डोक्यात, एकाच पिढीत पूर्ण व्हायला हवे, हा आपला हट्ट आहे. वेदपाठाच्या बाबतीतही हेच. घनपाठात शब्द पुढेमागे फिरवून म्हणणारा घनपाठी अर्थपंडित असेलच असे नाही, पण त्याने स्वर सांभाळले म्हणून भाषाशास्त्रज्ञाला ते अभ्यासता आले. कामाची ही वाटणी आहे. तिच्यात पाठ करणारा खालचा आणि अर्थ लावणारा वरचा, असे मी मानत नाही.

६. आक्षेप दुसरा: दारावरचा पहारा

खरा जड आक्षेप हा आहे आणि त्याला असे सोपे उत्तर नाही. पाठ तोंडी ठेवला की तो कोणाच्या कानावर पडू द्यायचा हे ठरवता येते. पुस्तक चोरून वाचता येते, पण शिकवणाराच नकार देत असेल तर तोंडी विद्या मिळवायची कुठून? सूत्रव्यवस्थेची ताकद आणि तिचा अन्याय एकाच मुळातून आलेले आहेत.

ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातले शूद्रांच्या अधिकाराचे प्रकरण (१.३.३४ ते ३८) उघडून पाहावे. ज्या शंकराचार्यांची बुद्धी एकाच ब्रह्मापलीकडे दुसरे काही शिल्लक ठेवत नाही, तेच इथे वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे आणि लाख ओतण्याची शिक्षा आधार म्हणून देतात. ती शिक्षा गौतमधर्मसूत्रातली. म्हणजे एका सूत्रग्रंथाचे दार बंद करायला दुसरा सूत्रग्रंथ आणलेला आहे. पूर्वपक्षाची ती सगळी शिस्त इथेही पाळलेली आहे. पण तो पूर्वपक्ष मांडायला शूद्र स्वतः तिथे कधीच नव्हता. वाद कितीही प्रामाणिक असो, ज्याच्याविषयी तो आहे त्याला आत येऊ दिले नाही तर ती प्रामाणिकता कुचकामी ठरते.

बौद्धांची बाजू इथे उजवी आहे. राजस्थानातल्या बैराटजवळच्या लेखात अशोकाने सात धम्मपर्यायांची नावे दिली आहेत आणि भिक्खू-भिक्खुणींबरोबर उपासक आणि उपासिका यांनीही ते वारंवार ऐकावेत, त्यांवर विचार करावा अशी इच्छा सांगितली आहे. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी ही सात नावे त्रिपिटकात कुठे सापडतात याचा छडा लावायचा प्रयत्न केला आणि जुनी सुत्ते कोणती हे ठरवण्यासाठी त्याचा उपयोग केला. दुसरा दाखला खुज्जुत्तरेचा. परंपरा सांगते की इतिवुत्तकातली ११२ सुत्ते आपल्यापर्यंत आली ती तिच्यामुळे. ती राणी सामावतीची दासी. बुद्धाचे बोलणे ऐकायची आणि राजवाड्यातल्या स्त्रियांना जसेच्या तसे ऐकवायची. एकीकडे कानात शिसे, दुसरीकडे दासीच्या स्मरणावर उभा असलेला ग्रंथ. तरीही बौद्धांना सरसकट पदक देऊ नये. पातिमोक्ख गृहस्थांसमोर म्हणायचा नाही असा नियम आहे आणि भिक्खुणीसंघाची परंपरा थेरवादी देशांत शतकानुशतके खंडित राहिली.

७. नवा सूत्रपाठ

डॉ. आंबेडकरांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. त्रिपिटकाशी प्रामाणिक नाही, संदर्भ दिलेले नाहीत, असे त्यावर आक्षेप आले. आतापर्यंतच्या विवेचनाच्या उजेडात हा ग्रंथ वेगळा दिसतो. रचनाच पाहा. क्रमांक घातलेली छोटी छोटी वाक्ये, प्रकरणे, उपप्रकरणे. म्हणायला, ऐकवायला, चर्चेला घ्यायला सोपी. त्यात भाणकांचाही विचार आहे. एवढा मोठा साठा स्मरणावर सांभाळताना बुद्धाचे म्हणणे चुकीचे नोंदले गेले असणार, विशेषतः कर्म आणि पुनर्जन्म यांविषयी, असे बाबासाहेब म्हणतात आणि खुद्द सुत्तांतच अशा चुकीच्या नोंदींची पाच उदाहरणे आहेत हे दाखवतात. मग कसोटी लावतात: जे बुद्धिवादाला धरून नाही, माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही, ते बुद्धाचे मानू नये. हे महापदेसाचेच काम आहे, कसोटी मात्र त्यांची स्वतःची.

आक्षेपकांचा एक मुद्दा तरीही उरतो. भाष्यकाराला गाळण्याची मुभा नसते, बाबासाहेबांनी गाळले. खरे आहे. पण ते भाष्यकार नव्हतेच. केसोबासांसारखे ते संकलक होते, फरक एवढाच की त्यांनी वेचले ते बाहेर ठेवलेल्यांना आत घेण्यासाठी आणि सकळ लिपीसारखा कोणताही पडदा न ठेवता. वर्षावासात महाराष्ट्रातल्या विहारांमधून या ग्रंथाचे मराठीत सामुदायिक वाचन होते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, काही ठिकाणी मग चर्चा होते. खुज्जुत्तरेच्या जागी आता शिक्षिका, अंगणवाडीताई, निवृत्त कारकून आहेत.

आता या सूत्रपाठालाही भाष्य लागणार. बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच चार प्रश्न उघडे करून ठेवले आहेत: सिद्धार्थाने घर का सोडले, चार आर्यसत्ये मूळची आहेत का, आत्मा नसेल तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, आणि भिक्खू कशासाठी. परंपरेला त्यांनी हे विचारले. त्यांनी दिलेल्या उत्तरांना तितक्याच जोरात प्रतिप्रश्न विचारणारा पूर्वपक्ष आपल्या वाचनमंडळांत अजून फारसा ऐकू येत नाही. ग्रंथ डोक्यावर घेऊन मिरवणूक निघते आणि प्रश्न विचारणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. विरोधकाच्या तोंडी नव्हे, आपल्याच माणसाच्या तोंडी हा पूर्वपक्ष आला पाहिजे. आणि तो मांडणारा विहाराच्या बाहेर नव्हे, वर्तुळात बसलेला असला पाहिजे.